पालथी घागर

खडकवण गावात साचआई देवीच्या झऱ्याकाठी आजही एक घागर पालथी घातलेली दिसते. गावात कुणी कुणाला विश्वासाने काही सांगितलं, की शेवटी म्हणतो, "हे पालथं घाल बरं का." म्हणजे पोटात ठेव, चारचौघांत बोलू नकोस. पाहुण्यांना हे सांगत पायऱ्या चढताना भागुजी गुरवांना धाप लागली. सत्तरी ओलांडलेली, आणि तीच गोष्ट सांगून सांगून जीव विटलेला. पायरीवर टेकून त्यांनी सुरुवात केली.

जो या झऱ्याचं पाणी पितो, त्याने आईसमोर काही विचारलं तर खरं तेच सांगायचं. खोटं बोलला तर झरा आटतो, असं सांगतात. गावात ठकूबाई नावाची सुईण होती. एका विधवेला मूल झालं. बोभाटा झाला असता, तर गावाने तिला जिवंत ठेवली नसती. ठकूने ते मूल पदराखाली झाकून मूलबाळ नसलेल्या एका घरी पोचवलं. पाटलाला कुणकुण लागली. त्याने ठकूला झऱ्यावर बोलावलं.

"पानी पी, आन् सांग, पोर कुनाचं?"

खरं सांगावं तर त्या बाईचा जीव जाणार, खोटं सांगावं तर गावाचं पाणी. ठकूने म्हणे भरलेली घागर ओतून दिली आणि काठावर पालथी घातली. "पाटील, आजपास्नं हे पानी मला वर्ज. आता मला इचारायचं न्हाई."

पाणी न पिणाऱ्याला आईसमोर विचारता येत नाही, रीतच तशी. पाटलाचं तोंड बंद झालं. पण ठकूचे पाय सुरू झाले. झरा दाराशी, आणि ती बावीस वर्षं अर्ध्या कोसावरच्या नदीवरून पाणी वाहत राहिली. गुडघे गेले, कंबर वाकली. फार दमली होती हो बिचारी! कधी झऱ्यापाशी उभी राहायची, पाण्याकडे बघायची आणि नदीची वाट धरायची. मरताना तोंडात घातलं तेही नदीचंच.

"पण मूल कुणाच्या घरी गेलं?" पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलंच. कुणीतरी दरवेळी विचारतंच.

"ते पालथं घातलंय न्हवं, ताई," भागुजी म्हणाले.

बाईंनी झऱ्याचं गार पाणी तांब्यात भरून पुढे केलं. "घ्या बाबा, दमलात."

भागुजींनी मान हलवली. घसा कोरडा पडला होता. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, सकाळी नदीवर जाऊन भरून आणलेली. जन्मभर झऱ्याची पूजा केली, पण त्यांच्या घरात आजही हे पाणी कुणी पीत नाही.