नवान्नाच्या ताटातली रत्नं

एका राज्यात नांगराविना सुटलेला वीतभर बांध उरला नव्हता, आणि फरशीविना राहिलेली गल्ली उरली नव्हती. राजा वज्रसेनाला नीटनेटकेपणाची भारी हौस. एका मांत्रिकाने त्याला भस्म दिलं. ते शिंपडलं की अळी, भुंगा, मधमाशी, जे असेल ते जागच्या जागी रत्न होऊन पडे. मग काय विचारता! लोक शेतात माणकं वेचू लागले. काही हाटात विकली गेली. उरलेल्या रत्नांनी राजाने राजवाड्याचं अंगण मढवलं, आणि ते अंगण वाढत वाढत वेशीबाहेरच्या शेतांवर गेलं.

हंसाई ही राजाच्या शेताची राखणदारीण. शेतातल्या उंच माळ्यावरून तिने गोफण फिरवली की पाखरू म्हणून दिसायचं नाही, आणि त्याचा तिला तोरा होता. पण त्या वर्षी भोपळ्याची फुलं नुसती फुलली नि गळली. तीळ भरले नाहीत, तुरीला शेंग धरली नाही. हंसाईची लेक घरात बाळंतीण. कोरड्या भाकरीवर तिला दूध उतरेना. तान्ही नात रडून रडून गप्प पडायची, आणि ते गप्प पडणं हंसाईला सोसवेना.

एके सकाळी एक सुगरण पक्षीण माळ्यावर येऊन बसली. हंसाईने सवयीने गोफण उचलली.

"मार," पक्षीण म्हणाली. "माझी पिलं आधीच गेली. दाण्यावर पिलू जगत नाही, बाई. त्याला अळी लागते."

हंसाईचा हात खाली आला. जन्मभर जिला चोरटी म्हटलं, तिच्याही घरात उपाशी लेकरू असेल हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तिला लाज वाटली. तिने उपाय विचारला, तेव्हा पक्षिणीने तीन कामं सांगितली: ज्वारीचा एक पट्टा न कापता ठेवायचा, एक बांध न नांगरता सोडायचा, आणि राजाने स्वतःच्या हातांनी रत्नं मातीला परत द्यायची.

पहिली दोन कामं हंसाईने शेजाऱ्यांची बोलणी खाऊन केली. तिसऱ्यासाठी ती नवान्नाच्या दिवसापर्यंत थांबली. त्या राज्याची रीत अशी, की राखणदाराने नव्या पिकाचं ताट वाढायचं, आणि राजाने पहिला घास घेईपर्यंत प्रजेने जेवायचं नाही.

भरल्या दरबारात राजाने ताटावरचं झाकण काढलं. आत पाचू, पुष्कराज आणि माणकं.

"हे काय आणलंस?"

"शेतात हेच पिकलं, महाराज. घास घ्यावा. लोक खोळंबलेत."

राजाने एक पुष्कराज उचलला. आत पंख मिटलेली मधमाशी होती. "आणि मी घेतला नाही तर?"

"तर माझ्या बाळंतिणीला काय वाढू, तेही आपणच सांगावं."

राजाने पुष्कराज ताटात परत ठेवला. तो उठला, पहार मागवली आणि स्वतः अंगण उखडायला लागला. रत्न मातीला टेकलं, दवात भिजलं की त्याला पंख फुटत. तिसऱ्या दिवशी मांत्रिकाचं भस्म साधी राख झालं आणि तो तोंड लपवून निघून गेला. शहरात घरोघरी परसात हातभर माती उघडी राहू लागली. पाखरं परतली, भोपळे धरले, लेकीला दूध उतरलं.

पण हाटात विकलेली रत्नं दूरदेशीच्या राण्यांच्या गळ्यांत गेली होती. ती परत आली नाहीत. म्हणून त्या राज्यात अजूनही काही वेली फळाविना सुकतात. नात चांगली बोलायला लागली तेव्हा तिने विचारलं, ही फुलं अशीच का गळली? हंसाईने खरं ते सांगितलं.

"यांच्या मधमाश्या आम्ही विकल्या, बाळा."