दादासाहेबांनी उपटलेली तार

आमच्या आळीतली हेमा सावंतवाडीत घरोघर इंटरनेट पुरवते. तिचं नेट बाहेरून येतं ते वेगळ्याच जाड तारेनं; शिवाय तिचं जाळं दादासाहेबांच्या बड्या कंपनीच्या जाळ्याला एका बारीक तारेनं जोडलेलं. एका सकाळी तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांचं नेट मेलं. झालं होतं असं, की दादासाहेबांचं यंत्र जगभर दवंडी पिटत होतं, "हेमाच्या घरांची वाट माझ्याकडून!" आणि तिकडे वळलेलं सगळं त्या एवढ्याशा तारेत तुंबत होतं.

चिडलेल्या गिऱ्हाइकांना घेऊनच हेमानं दादासाहेबांची कचेरी गाठली.

"आमचं यंत्र चुकत नाही, पोरी!" दादासाहेब गरजले. "तुझ्या लोकांचं इथून काही जात नाही. जमत नसेल तर गिऱ्हाइकं मला दे."

दोघाचौघा गिऱ्हाइकांनी मानाही डोलावल्या.

हेमा गरीब चेहऱ्यानं म्हणाली, "काहीच जात नाही ना? मग आपल्यातली तार काढूनच टाका की. कुणाचं काय बिघडणार?"

"ही घे!" म्हणत दादासाहेबांनी सगळ्यांदेखत तार उपटली.

तार सुटली तशी यंत्राची दवंडी थांबली, आणि जरा वेळानं गिऱ्हाइकांना घरून फोन यायला लागले, "अहो, नेट आलं!"

"दादासाहेब," हेमा म्हणाली, "वाट तुमच्या घरातून नव्हती, तर तुम्ही दार लावताच माझी अडकलेली माणसं सुखरूप घरी कशी पोचली हो?"

दादासाहेब तार धरून उभेच. गिऱ्हाइकं हेमामागून निघाली, तसा त्यांचाच शिपाई कुजबुजला, "ताई, आमच्या घरी तुमचं नेट कधी जोडता?"