रंगवलेलं आभाळ

वस्तू आपसात बोलत, त्या दिवसांतली गोष्ट. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दाजीबांनी रिमोटवर धावणारी गाडी बांधली. धूळ शिरली की घड्याळ संपलं, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी गाडीच्या टपाची फट न् फट बुजवली आणि त्यावर ढगांसकट निळं आभाळ रंगवलं.

आत वेगपेटी होती. मोटारीला किती वीज द्यायची, ते ती ठरवायची. धावताना ती फार तापायची, म्हणून दाजीबांनी शेजारी पंखा बसवला. तरी तिला ग्लानी यायचीच.

"पंख्या, वारा घाल ना रे."

"घालतोय गं बाई! पण तुझाच उसासा तुला परत देतोय. बाहेरचं काही आत येईल तर ना!"

"डोक्यावर एवढं आभाळ, आणि वारा नाही?"

टप फणकारला, "आभाळाला कुणी भोक पाडतं का?"

पुढच्याच वळणावर वेगपेटी निपचित पडली. गाडी थांबली. दाजीबांनी टप उचलला, तशी कोंडलेली वाफ त्यांच्या तोंडावर आली.

"धुळीला भ्यालो आणि जीव कोंडला की मी," ते पुटपुटले. मग कात्रीने त्यांनी एक ढग अलगद कापून काढला.

निवलेली वेगपेटी जागी झाली, गाडी धावू लागली. ढगाच्या जागेतून थोडी धूळ आत आली. टप मात्र कुरकुरला नाही. त्याच्या आभाळात पहिल्यांदाच वारा सुटला होता.