अर्कदत्ताचा तिसरा शब्द

एका राज्यात, जिथल्या नद्या डोंगर चढून जात आणि पक्षी दरबारात साक्ष देत, धृतवर्मा नावाचा राजा होता. त्याच्या पदरी अर्कदत्त नावाचा राजपंडित होता. त्याला घारीचं रूप घेता येई, धुकं बोलावता येई, आणि 'ज्ञानी' ही पदवी राजाने त्याला भर दरबारात दिली होती. तरी त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. कारण त्याच नगराच्या वेशीबाहेर शर्वाणी राहत होती आणि पाठशाळा चालवत होती.

शर्वाणी त्याची गुरुभगिनी. दोघं एकाच गुरूपाशी बारा वर्षं शिकली. अर्कदत्ताचं उत्तर ऐकून गुरू मान डोलवत. शर्वाणीचा प्रश्न ऐकला की मात्र हातातलं काम बाजूला ठेवत. अर्कदत्त ते विसरला नव्हता. लोक आपल्याला नमस्कार करतात आणि अडलं की तिच्या दारी जातात, हेही त्याला ठाऊक होतं.

एके वर्षी कृष्णजट नावाचा मांत्रिक दरबारात आला आणि त्याने 'ज्ञानी' ही पदवी मागितली. राजाने नकार दिला. तेव्हा मांत्रिकाने राज्यातल्या सगळ्या पोथ्यांतली अक्षरं काढून एका काळ्या पेटीत कोंडली, पेटीवर राखणीला भारद्वाज पक्षी बसवला आणि तो धूर होऊन निघून गेला. त्याच सुमारास राणी तापाने अंथरुणाला खिळली. औषधाची कृती वैद्याच्या पोथीत होती, आणि पोथी कोरी होती.

राजाने अर्कदत्त आणि शर्वाणी दोघांना पेटीपाशी बोलावलं. भारद्वाज म्हणाला, "ज्ञानाचा माग काढण्याला माणसांनी तीन नावं दिली. एक आंधळीपाशी आहे, एक कुंभारापाशी, एक परक्यापाशी. ती आणा. मग पेटीवर हात ठेवून आपण कोण ते सांगा. खोटं बोलणाऱ्याला पेटी सोडत नाही."

राजा म्हणाला, "जो पेटी उघडील, त्याचं आसन माझ्या शेजारी."

अर्कदत्त घार होऊन उडाला आणि डोंगरावर आंधळ्या म्हातारीपाशी आधी पोहोचला. ती तिथे ढगांचे कळप राखत असे.

"शब्द दे," तो म्हणाला.

"तुला काय दिसतं?" तिने विचारलं.

"सगळं पाहून झालं आहे माझं."

"मग तुला शब्द कशाला हवा?" म्हातारी म्हणाली आणि आपल्या ढगांकडे वळली.

दोन दिवसांनी शर्वाणी चालत आली. तिने म्हातारीच्या पायांतले काटे काढले आणि विचारलं, "आई, तुम्हाला काय दिसतं?"

म्हातारी हसली. "हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. डोळे असणं वेगळं, दिसणं वेगळं. जे आहे ते आहे तसं दिसणं, त्याला दर्शन म्हणतात."

म्हातारीच्या झोपडीच्या छपरावर घार बसली होती. तिने शब्द ऐकला, पण तिच्या काळजात निखारा पडला. आपल्याला जे नाकारलं, ते हिला हसत दिलं.

तिथून पुढे अर्कदत्ताने स्वतः काही विचारलंच नाही. तो तिच्या माथ्यावरून उडत राहिला.

कुंभाराची मडकी भट्टीतून निघताच गाऊ लागत. त्याने एक गातं मडकं शर्वाणीसमोर फोडलं.

"गेलं काय?"

"मडकं. गाणं."

"राहिलं काय?"

"माती."

"आकार जातो आणि ते राहतं. तत् म्हणजे ते. त्याचं ते-पण म्हणजे तत्त्व. तत्त्व जाणणं हे दुसरं नाव."

तिसऱ्या शब्दासाठी ती बंदरावर गेली. तिथे एक यवन, म्हणजे ग्रीक, खलाशी शिडं शिवत होता. तो म्हणाला, "आमच्याकडे एक गोष्ट सांगतात. एका माणसाला लोक ज्ञानी म्हणू लागले. तो म्हणाला, ज्ञानी फक्त देव. माझं ज्ञानावर प्रेम आहे, इतकंच. आमच्या भाषेत फिलो म्हणजे प्रेम, सोफिया म्हणजे शहाणपण. दोन्ही जोडून फिलोसोफिया."

डोलकाठीवरच्या घारीला अर्थ कळला, आणि म्हणूनच ती अधिक जळली. तो शब्द शर्वाणीच्या अंगावर बेतून शिवल्यासारखा होता.

अर्कदत्ताने तिच्या वाटेवर धुकं सोडलं आणि तो राजवाड्याकडे सुटला. पेटीवर हात ठेवून त्याने तिन्ही शब्द उच्चारले. झाकण किंचित उचललं गेलं. तो म्हणाला, "मी ज्ञानी अर्कदत्त." झाकण त्याच्या बोटांवर मिटलं.

तीन दिवस तो तिथेच उभा राहिला. राणीचा श्वास मंदावत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी शर्वाणी आली; पाय चिखलाने भरलेले, ओठ सुकलेले.

"हिला सांगू द्या," राजा म्हणाला.

"आता नाही," भारद्वाज म्हणाला. "ज्याचा हात आत आहे, त्यानेच सांगावं."

शर्वाणी त्याच्याजवळ गेली. "अर्कदत्ता, पहिल्या दिवशी तू गुरूंच्या दारी कशासाठी आला होतास?"

तो म्हणाला, "तारे का तुटतात ते विचारायला."

"मग विचारणं कधी सोडलंस?"

"तू माझ्याहून चांगलं विचारलंस, त्या दिवशी. धुकं मी सोडलं, शर्वाणी. तू वाटेतच मरावंस असंही एकदा मनात आलं. ज्ञानावर माझं प्रेम होतं. तुझ्यापुढे असण्याची गोडी लागली आणि ते प्रेम सुटलं. मी ज्ञानी नाही. मी मत्सरी माणूस आहे."

पेटी उघडली. अक्षरं थव्याने उडाली आणि आपापल्या पोथीत जाऊन बसली. वैद्याने कृती वाचली, काढा उकळला. दिवस मावळण्याआधी राणीने पाणी मागितलं.

राजाला अर्कदत्ताला हद्दपार करायचं होतं. पेटी तिच्याच प्रश्नाने उघडली म्हणून राजाने शेजारच्या आसनावर बसवलेली शर्वाणी म्हणाली, "महाराज, त्याला माझ्या पाठशाळेत पाठवा. शिकणाऱ्यांच्या पंक्तीत."

तो गेला. महिन्याभराने तिथे एका विणकरणीने असा काही प्रश्न विचारला की सगळ्या पाठशाळेने हातातलं काम बाजूला ठेवलं. अर्कदत्ताच्या छातीत ती जुनी कळ उठली. त्याने ती उठू दिली. मग तो थोडा पुढे सरकून बसला आणि म्हणाला, "बाई, पुन्हा एकदा विचारा. मला नीट ऐकायचं आहे."

त्या राज्यातल्या पोथ्या पुन्हा कधी कोऱ्या झाल्या नाहीत. सांगणाऱ्याने सांगितलं, ऐकणाऱ्याचं कल्याण असो.