केरबाने रिकामं ठरवलेलं तळं

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा माणसं कमी होती, तळी जास्त होती, आणि पाखरांना माणसांशी बोलायचा अजून कंटाळा आला नव्हता.

एका गावात केरबा नावाचा भोई राहायचा. गावच्या तळ्यातला मासा न् मासा त्याच्या ओळखीचा. काठच्या वडाची सावली पाण्यावर जिथे पडे, तिथे तो जाळं टाकी आणि मरळींनी भरलेलं वर ओढी. डोळे बांधून तळ्यात सोडला असता, तरी तो रिकाम्या हाताने परतला नसता. लोक त्याला मान देत, आणि खरं सांगायचं तर तो मान त्याला जरा जास्तच मानवला होता.

पुढे ते तळं गाळाने भरलं. मासे संपले. सगळ्या गावाने बैलगाड्या जुंपल्या आणि नवं पाणी शोधायला वाट धरली. केरबाची मुलगी तुळजा हिचे दिवस भरत आले होते. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला ती ओठ दाबून धरी आणि केरबाचा जीव खालीवर होई. लवकर कुठेतरी टेकायला हवं, पोरीच्या डोक्यावर छप्पर यायला हवं, एवढंच त्याच्या मनात होतं.

एके दिवशी डोंगराच्या पायथ्याशी त्यांना मोठं तळं दिसलं. काठाला गाव होतं. तळ्याची राखण एका म्हातारीकडे होती. सारं गाव तिला आत्या म्हणे. आत्याने पाहुण्यांना भाकरी दिली, तुळजाच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग गावची रीत सांगितली. राहायला आलेल्यांनी आपला एक माणूस तळ्यात धाडायचा. त्या दिवशी गावातल्या कुणी जाळं टाकायचं नाही. संध्याकाळी त्या माणसाने पाण्याकडे तोंड करून, सगळ्यांच्या देखत सांगायचं, की या तळ्यात आपल्या लोकांचं पोट भरेल का. तो जे बोलेल ते कायमचं.

केरबाशिवाय दुसरं कोण जाणार? तुळजाने त्याला बाजूला घेऊन सुचवलं, की निघण्याआधी आत्याला दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. केरबा हसला. मासा कुठे असतो हे त्याने विचारायचं, म्हणजे सुताराने रंधा कसा धरायचा ते विचारायचं. खांद्यावर जाळं टाकून तो होडीत बसला.

पलीकडच्या काठाला जुना वड होता. त्याची सावली पाण्यावर काळीभोर पसरली होती. केरबाला वाटलं, देवानेच जागा दाखवली. त्याने जाळं फेकलं, थांबला, ओढलं. जाळं रिकामं होतं.

त्याने पुन्हा फेकलं. मग कड्याच्या सावलीत फेकलं, मग लव्हाळ्याच्या आडोशाला. जाळं इतकं हलकं वर येऊ शकतं, हे त्याच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

तळ्याच्या मधोमध उथळ पाण्यात एक खडक होता. त्यावर भर उन्हात एक खंड्या बसला होता.

"भोईदादा, पाण्यात हात घालून पाहिलास का?" त्याने विचारलं.

"जाळं घालतोय ते दिसत नाही का?" केरबा खेकसला.

खंड्या उडून गेला. केरबाने त्या खडकाकडे पाहिलंसुद्धा नाही. उन्हात का कधी मासा असतो?

सूर्य कलला. दोन्ही गावं काठावर जमली. आत्याने विचारलं, "सांग बाबा, या तळ्यात तुमचं पोट भरेल का?"

केरबाच्या हातात माशांची पाटी रिकामीच होती आणि सगळ्या गावाचे डोळे त्या पाटीवर होते. कान तापले. तो म्हणाला, "या तळ्यात मासाच नाही."

"नीट विचार करून बोल."

"उभा जन्म जाळं टाकण्यात गेला माझा. नाही म्हणजे नाही."

आत्याने मान खाली घातली आणि ती घराकडे वळली.

सकाळी गाड्या घाटाला लागल्या. बरं झालं वेळेवर कळलं, असं केरबा वाटभर सगळ्यांना सांगत होता. ऊन चांगलं वर आलं तेव्हा त्याने सहज मागे वळून पाहिलं.

खाली तळ्याच्या मधोमध, त्या खडकाभोवती, गावच्या होड्या जमल्या होत्या. जाळी वर येत होती आणि एकेक जाळं ओढायला चार-चार माणसं लागत होती. मरळी उन्हात चमचमत होत्या. केरबा तसाच घाट उतरत पळत सुटला.

"आत्या, हे कसं?" धापा टाकत त्याने विचारलं.

"हे पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं. हात घातला तर बोटं बधिर होतात. इथला मासा उबेला उन्हात येतो. तुमचं पाणी तापत असेल, म्हणून तिकडचा सावलीत येत असेल."

"पण मला तर मिळाला नव्हता. मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"खोटं कशाला? मला सापडला नाही, एवढंच म्हणायचं होतं. जो तसं म्हणतो त्याला दुसऱ्या दिवशी आम्हीच होडीत बसवून जागा दाखवतो. या गावातली निम्मी घरं तसं म्हणूनच इथे राहिली आहेत."

सगळ्यात सोपं उत्तर होतं ते, आणि दिवसभरात एकदाही केरबाच्या मनात आलं नव्हतं.

त्याने आत्याचे पाय धरले. तिचेही डोळे भरून आले, पण ती बधली नाही. सगळं कळतं म्हणणाऱ्यांनी एकदा या तळ्यातला मासा न् मासा खरवडून नेला होता, तेव्हा गावाने ही रीत घातली होती. एकट्या तुळजाने बाळंतपणापुरतं राहावं, एवढं मात्र तिने सांगितलं.

केरबा पुन्हा घाट चढला. तुळजाने सगळं ऐकून घेतलं.

"माझी माणसं रस्त्यावर आणि मी छपराखाली? नको, आबा," ती म्हणाली.

त्याच दुपारी घाटापलीकडच्या उघड्या माळावर, गाडीच्या सावलीत, तिला मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. केरबाला कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्याला सोसवेना. गाड्यांमध्ये पिण्यापुरतंच पाणी होतं. नातवाला पहिली आंघोळ घालायला काही उरलं नव्हतं. माशांनी भरलेलं तळं डोंगराच्या पलीकडे राहिलं होतं, आणि आजोबा आपल्या उपरण्याने बाळाचं अंग कोरडंच पुसत होता.

तात्पर्य : आपल्याला सापडलं नाही म्हणून ते नाहीच असं म्हणणारा माणूस भरलेल्या तळ्याकाठूनही उपाशी जातो, आणि आपल्या माणसांनाही उपाशी नेतो.