कडी कोणत्या बाजूला?

युरोपात डोंगरांच्या बेचक्यात एक लहानसे राज्य होते. तिथला राजा एगोन मनाने चांगला होता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. शेजारच्या राज्यांनी ज्यूंना हाकलून दिले, तेव्हा त्याने त्यांना आपल्या राजधानीत जागा दिली. दंगेखोरांनी त्रास देऊ नये म्हणून वस्तीभोवती उंच भिंत बांधली. भिंतीला एकच दरवाजा. सूर्य मावळला की दरवान वेंझेल त्याला बाहेरून कडी घालून कुलूप लावी.

वस्तीचा प्रमुख झाल्मन एकदा राजाला म्हणाला, "महाराज, कडी आतून असती तर बरं झालं असतं. माझी मुलगी फ्राडेल गरोदर आहे. सुईण ऊर्सुला राहते भिंतीबाहेर. अंधार पडल्यावर गरज लागली तर?"

"भिता कशाला? मी आहे ना!" राजा हसला. वेंझेलला मात्र त्याने बजावले, "आतले लोक घाबरट आहेत. कितीही ओरडले तरी सकाळपर्यंत उघडायचं नाही."

झाल्मनच्या बायकोच्या हातचा मासा राजाला फार आवडे. शब्बाथसाठी, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळताच सुरू होणाऱ्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, ती तो दर शुक्रवारी करी. दरबाऱ्यांना कळू नये म्हणून राजा साधा अंगरखा घालून एकटाच जेवायला येई. एका शुक्रवारी तो पुन्हा पुन्हा मासा वाढून घेत बसला आणि सूर्य मावळला. बाहेरून कडी लागली. तेवढ्यात आतल्या खोलीत फ्राडेलला कळा सुरू झाल्या.

राजा दरवाजाकडे धावला. "वेंझेल, उघड! मी राजा आहे!"

"परवा एक जण म्हणे, मी सेनापती आहे," बाहेरून वेंझेलचा आवाज आला. "जा, झोप, बाबा. आतल्यांचं ऐकायचं नाही, असा राजाचा हुकूम आहे."

"गाढवा, तो हुकूम मीच दिलाय!"

"मग तुला ठाऊकच आहे की."

घरातून फ्राडेलची किंकाळी आली. झाल्मन भिंतीशी वाकून उभा राहिला.

"चढा, महाराज. आमच्यापैकी कोणी पलीकडे उतरला, तर वेंझेल त्याला धरून ठेवील."

"पण आज तुम्हाला कुठलंच काम चालत नाही ना?"

"जीव वाचवायला सगळं चालतं. राजाला खांद्यावर घेणंसुद्धा!"

राजा भिंतीवरून घसरला तो थेट वेंझेलच्या अंगावर. वेंझेलने त्याची मानगूट पकडली, कंदील वर केला, आणि चटकन मानगूट सोडली. नाण्यावर असलेले नाक आता त्याच्यासमोर होते, फक्त चिखलाने माखलेले.

राजा अनवाणीच पळाला आणि ऊर्सुलाला ओढत घेऊन आला. तोवर वेंझेलने दरवाजा उघडून ठेवला होता. फ्राडेलला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

सकाळी राजाने बाहेरचे कुलूप काढून टाकले आणि कडी आतून बसवून घेतली. वेंझेल गोंधळला.

"महाराज, दरवाजा तेच लावणार आणि तेच उघडणार. मग मी काय करू?"

"तू बाहेर उभा राहा आणि दंगेखोरांना अडव," राजा म्हणाला. "मी तुला पहिल्या दिवशी हेच सांगायला हवं होतं."

तात्पर्य: ज्याचे रक्षण करायचे, त्याच्याच हाती दाराची कडी द्यावी; बाहेरून लावलेले कुलूप दयाळू राजाचे असले तरी आतल्या माणसाला कैदीच करते.