बांगड्याला कोण घाबरतं?

सावंतवाडीच्या एका कॉलेजचे प्राचार्य गजेंद्रगडकर म्हणजे इंग्रजी शब्दांचे फौजदारच. शमा शेख या विद्यार्थिनीनं इंग्रजी निबंधस्पर्धेत आईच्या हातचं बांगडा माशाचं झणझणीत तिखलं ‘ऑसम’ असतं असं लिहिलं, म्हणून त्यांनी तिचं पहिलं बक्षीसच रद्द केलं.

“ऑसम म्हणजे पाहूनच ऊर दडपावा असं! बांगड्याला कोण घाबरतं?” ते स्टाफरूममध्ये गरजले. “शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा. बाकी सगळा भ्रष्टाचार!”

इंग्रजीच्या खानोलकरबाईंच्या डोळ्यांपुढून शमाचा रडवेला चेहरा हलेना. त्या उठल्या आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, “सर, तुम्ही फार नाइस आहात.”

प्राचार्य फुलले. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “थँक्यू, थँक्यू! सगळेच म्हणतात.”

“मी मूळ अर्थानं म्हणतेय हं, सर. सहा-सातशे वर्षांपूर्वी नाइस म्हणजे मूर्ख.”

कोपऱ्यात कुणाच्या तरी नाकातून चहा बाहेर आला. प्राचार्यांचं तोंड पाण्याबाहेर काढलेल्या बांगड्यासारखं उघडं पडलं.

“आपण... आजचाच अर्थ धरू या,” ते पुटपुटले.

“दोन्ही शब्दांचा ना, सर?”

“दोन्ही, बाई, दोन्ही!” म्हणत त्यांनी खडू उचलला आणि स्वतःच्या हातानं फळ्यावरच्या बक्षिसांच्या यादीत शमाचं नाव सगळ्यांत वर लिहिलं.